मुंगळगाठ

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज मुरघासाच्या पिशव्या उघडल्या. बारापैकी आठ गेल्या.

पस्तीस वर्षे शाळेचं लॉगबुक लिहिलं, तेव्हा हेही रीतसर लिहितो. हिरवा मका दाण्यात दूध असताना कापायचा, यंत्रातून बारीक करायचा, प्लास्टिकच्या पिशवीत पायानं तुडवून भरायचा आणि तोंड बांधून दीड महिना ठेवायचा. हवा आत गेली नाही तर चारा लोणच्यासारखा मुरतो आणि उन्हाळ्यात जनावरांचा जीव वाचतो. हवा गेली तर सडतो. एवढंच शास्त्र आहे. मी चार पुस्तिका वाचल्या, वीस जुलैला पिशव्या भरल्या, तोंडं माझ्या हातानं बांधली. आज पाहतो तर सुतळी पिशवीच्या गळ्यात माळेसारखी सैल लोंबतेय. आत काळी बुरशी. वास असा की सावित्री पदर नाकाला लावून गोठ्याबाहेर गेली.

मका चांगला होता. माप चुकलं नाही. गूळ-पाणी चुकलं नाही. चुकली ती गाठ. एकसष्ट वर्षांच्या माणसाला गाठ मारता येत नाही, हे कुणाला सांगायचं?

उरलेल्या चार पिशव्यांत वरचा थर काढून टाकला की खालचा बरा दिसतो. सावित्री म्हणाली, "टाकून द्या सगळं." मी म्हणालो, खालचा चारा वाया घालवणं मूर्खपणा आहे.

८ सप्टेंबर

सुतळीचे प्रयोग केले. एका पिशवीत वाळू भरली, तोंड बांधलं आणि जांभळीच्या फांदीला उलटी टांगली. वाळू सांडली म्हणजे गाठ नापास.

निरगाठ: वीस मिनिटं. दुहेरी निरगाठ: पाऊण तास. तार वापरली तर प्लास्टिक चिरलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी चांगली बसली होती, पण तशीच पट्टी जुलैत एका पिशवीला लावली होती, ती उन्हानं तडकून तुटलेली सापडली. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस हातमोजे घालून इतक्या घाईत बांधतो, की त्याला शिकवायचंच नाही, नुसतं दाखवायचंय. असल्या माणसाला वर्गावर उभं करू नये.

दुसऱ्या पट्टीतला मका बावीस तारखेच्या आसपास कापणीला येईल. चार दिवस उशीर झाला तर दाणा टणक होतो आणि मुरघास जमत नाही. म्हणजे दोन आठवडे.

११ सप्टेंबर

चंद्री गाय गाभडली. सातवा महिना होता.

डॉक्टर तलवाड्याहून आले. गव्हाणीतला चारा हातात घेऊन हुंगला आणि माझ्याकडं पाहिलं. "बुरशीचा घातला का हो गुरुजी?" मी म्हणालो, वरचा थर काढला होता. ते म्हणाले, "बुरशी थर बघून बसत नाही."

वासरू सावित्रीनं पुरलं. मला जवळ येऊ दिलं नाही. मग हातपाय धुऊन आली आणि एवढंच बोलली, "मी टाकून द्या म्हणलं व्हतं."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शेजारच्या रानात मेंढपाळांचा वाडा, म्हणजे तळ, उतरलाय, खतासाठी मेंढरं बसवलीत. सावित्री तिथून एका बाईला घेऊन आली. नाव संगीता. वय चाळीसच्या आसपास. नवरा लखन, दीडशे मेंढ्या, एक घोडा. दिवाळीनंतर ते कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. सावित्रीनं तिला कोकराच्या मोडक्या पायाला काड्या बांधताना पाहिलं. चार दिवस झाले, कोकरू उड्या मारतंय, पण बांधलेलं हललं नाही.

बाईनं वाळूच्या पिशवीचा गळा पिळला, दुमडला, अंबाडीची सुतळी दोनदा फिरवली, काहीतरी खालून काढलं आणि ओढलं. श्वास घ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मी पिशवी टांगली. तासभर पाहिलं, वाळूचा एक कण पडला नाही. मी नखानं, पक्कडीनं गाठ सैल करायचा प्रयत्न केला. ढिम्म.

"काय म्हणतात हिला?"

"आमी मुंगळगाठ म्हणतो. मुंगळा डसल्यावर मुंडकं तुटतं पर सोडीत न्हाई, तशी. लोकरीच्या पोत्याला, पिठाच्या गोणीला. घोड्यावर हिंदकळून बी सुटत न्हाई."

मला शिकव म्हणालो. तिनं मान हलवली, पण खाली बघत. मी तिच्या शेजारी बसलो, म्हणजे तिचे हात आणि माझे हात एकाच दिशेनं राहतील. शिकण्याची योग्य पद्धत तीच आहे. तिनं तीनदा दाखवलं. माझ्या काही ध्यानात येईना. तिचं सगळं उलटंच चालतं. शेवटी मी म्हणालो, "अगं, नीट उजव्या हातानं दाखव की."

तिनं सुतळी खाली ठेवली. पदर झटकून म्हणाली, "मेंढरं पाजायची हायेत," आणि गेली. तिन्हीसांजेला अजून दीड तास होता.

१४ सप्टेंबर

ती आली. मी तयारी करून बसलो होतो: कागदावर आकृती, वेढ्यांना एक, दोन, तीन क्रमांक, बाण. तिला म्हणालो, क्रमाक्रमानं सांग, मी लिहून घेतो. तिनं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सांगता येत न्हाई गुरुजी. हाताला येतं, तोंडाला येत न्हाई."

"जे येतं ते सांगता आलंच पाहिजे."

"मग आलं न्हाई म्हणा."

सावित्री उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

बाई बोलता बोलता म्हणाली की ती माझ्या हाताखाली शिकलीय. धनगरवस्तीच्या शाळेवर मी नोकरीच्या सुरुवातीला सहा वर्षे होतो, तेव्हा. मला ती काही आठवेना. मी म्हणालो, "तू नियमित येत नसशील."

"यायची की. रोज यायची."

१६ सप्टेंबर, सोमवार

जमली! दुपारी माझी गाठ हुबेहूब तिच्यासारखी झाली. दोन वेढे, एक तिरपा, शेपूट खाली. पिशवी टांगली. तासाभरानं बदकन आवाज झाला आणि सगळी वाळू जमिनीवर.

मी संगीताला म्हणालो, दोन्ही गाठी एकसारख्या आहेत, तरी माझी सुटते, म्हणजे तू मला काहीतरी सांगायचं ठेवतेस.

"म्या कावून ठिवीन? दिसायला सारखी हाय. पोटातनं न्हाई."

"मग पोटातनं दाखव ना! तीच तीच गोष्ट किती वेळा करायची? डोकं आहे की नाही?"

खरं तर मी हे स्वतःलाच म्हणत होतो. सुतळीचं बंडल अंगणात फेकलं. संगीतानं ते उचलून आणलं, गुंता सोडवून नीट गुंडाळलं, माझ्यासमोर ठेवलं आणि निघून गेली.

सावित्री म्हणाली, "लेकरायला बी असंच म्हणायचे तुमी."

इथं लेकरांचा काय संबंध? तिचं हल्ली असंच आहे. चंद्रीचा राग कुठूनही बाहेर काढते.

१७ सप्टेंबर

बाई आली नाही. वेळेची किंमत नसणं हीच या लोकांची अडचण. मका रोज पिकत चाललाय. मी स्वतः रानात गेलो. ती मेंढरं घेऊन लांब गेली होती. लखन घोड्याचा नाल पाहत बसला होता. मी विचारलं, आज का आली नाही?

"सकाळची निघाली व्हती. तुमच्या दारातनं माघारी आली."

"का?"

"मला काय सांगती ती. म्हणली, पोटात गोळा आला."

औषध घे म्हणावं, असं सांगून आलो. वाटेत विचार केला. मी तिला एक वेडावाकडा शब्द बोललेलो नाही. कालचं बोलणं तिला उद्देशून नव्हतंच.

१८ सप्टेंबर, बुधवार

आजचं लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

ती आली, बसली, सुतळी घेतली. आज मी गप्प राहून नुसते तिचे हात पाहिले. तेव्हा कुठं दिसलं. सुतळीचं टोक ती डाव्या हातानं फिरवते. ओढते डाव्यानं. उजवा नुसता धरायला. पाच दिवस माझ्या नाकासमोर चाललं होतं हे. पहिल्या दिवशी 'उजव्या हातानं दाखव' म्हणालो, ते जुन्या सवयीनं, पाहून नव्हे.

"तू डावरी आहेस का ग?"

"व्हय." मग तिनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "तुमाला ठावं हाय की. तुमीच बांधीत व्हताव हा हात."

मला कळलं नाही. तिनं उठून दाखवलं. डावा हात कमरेमागं नेला. "दप्तराच्या बंदानं. असा. परार्थना झाली की बांधायचा, शाळा सुटस्तोर. दुसरीचं आख्खं वरीस. उजव्यानं लिव्हलं न्हाई तर रूळ."

सावित्री चूल सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

मी म्हणालो, "त्या काळी तशी पद्धत होती. हात वळावा म्हणून. तुमच्याच भल्यासाठी."

"आसंल." ती परत खाली बसली. "पर तुमची गाठ लई कच्ची असायची गुरुजी. पाढे म्हणस्तोर सुटायची. तुमी बघायच्या आधी म्याच परत बांधून घ्यायची. एका हातानं, पाठीमागं."

हे ती कुरापत म्हणून बोलली नाही. भाकरी कशी थापतात हे सांगावं तसं सांगितलं. मी उठून पाणी प्यालो.

मग तीच म्हणाली, "तुमी बाजूला बसताव म्हणून गुतताव. म्होरं बसा. आरशात बघितल्यावाणी करा. माझा डावा तिकडं तुमचा उजवा."

मी तिच्यापुढं मांडी घालून बसलो. पहिला वेढा. दुसरा पहिल्याच्या अंगावरून तिरपा. आणि इथं माझी चूक होती: मी शेपूट सरळ तिरप्या वेढ्याखालून काढत होतो. ते आधी सुरुवातीच्या दोरीवरून पलीकडं न्यायचं आणि मग त्या दोरीच्या आणि तिरप्या वेढ्याच्या खालून बाहेर काढायचं. म्हणजे वरचा वेढा दोरी आणि शेपटाच्या पिळावर बसतो आणि जितकं ओढावं तितका डसतो. पाचव्या वेळेला जमलं. पिशवी अजून टांगलेली आहे.

आनंद व्हायला हवा होता.

१९ सप्टेंबर

तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतोय. आठवत नाही. वस्तीवरच्या शाळेची कौलं आठवतात, घंटा म्हणून टांगलेला लोखंडी तुकडा आठवतो, साहेबांची तपासणी आठवते. शंभर टक्के मुलं उजव्या हातानं लिहितात म्हणून साहेबांनी शेरा दिला होता, तो शब्दन्‌शब्द आठवतो. संगीता तिसरीतून गेली म्हणे. म्हणजे हजेरीपटावर तिच्या नावापुढं 'शाळा सोडली' हे मीच लिहिलं असणार.

सावित्रीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्या वस्तीला ठावं व्हतं."

"मग कधी बोलली नाहीस."

"तुमाला कवा काय बोलता येत व्हतं?"

२२ सप्टेंबर, रविवार

कापणी झाली. यंत्र पहाटेपासून. सतरा पिशव्या. तुडवायला लखन आणि मी, भरायला सावित्री. बांधायला संगीता आणि मी. तिनं आठ बांधल्या, मी नऊ. माझ्या दोन तिनं कापून परत बांधायला लावल्या. वेढ्यांच्या मधून बोट जात होतं. बोटं सोलून निघाली. तिसऱ्यांदा बांधायला लावली तेव्हा कपाळाची शीर उडाली, पण बोललो नाही. ती बरोबर होती. बरोबर माणसाचं ऐकून घ्यायला इतका त्रास का होतो?

दिवसभर दोघांत कामापुरतंच बोलणं. "वढा." "धर." "अजून पिळा."

९ ऑक्टोबर

रोज सकाळी सतराही पिशव्यांच्या गळ्यांवर हात फिरवतो. सावित्री म्हणते, हात लावून लावूनच उसवाल.

आज मेंढ्यांच्या वाड्यावर गेलो. संगीताशी बोलायचं ठरवून गेलो होतो. वाक्य तयार केलं होतं, घरी दोनदा म्हणूनही पाहिलं. ती कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मी म्हणालो, "पाऊस यंदा बरा झाला." ती म्हणाली, "झाला." मी परत आलो.

भाषणं किती दिली आयुष्यात. झेंडावंदनाला, निरोप समारंभाला. चार शब्दांचं वाक्य तोंडातून निघत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज पिशवी उघडली.

संगीता-लखनची निघायची तयारी झाली होती. घोड्यावर बोचकी चढली होती. निघायच्या आधी दोघं गोठ्यात आली. मी माझ्या हातची पिशवी पुढं ओढली. तिच्या हातची उघडून काय सिद्ध होणार? गाठ सोडायला बसलो. नखं लावली. खिळा घातला. शेवटी दात लावले.

"ती सुटायची न्हाई गुरुजी," संगीता म्हणाली. "कापावी लागती." तिनं विळा पुढं केला.

कापली. तोंड उलगडलं. सावित्रीनं मूठभर चारा घेऊन नाकाशी नेला आणि तसाच माझ्या नाकाशी आणला. आंबट-गोड, ताकात गूळ पडल्यासारखा वास. रंग पिवळसर हिरवा. तळापर्यंत हात घातला, कुठं काळं नाही. चंद्रीपुढं पाटी ठेवली. ती आधी मागं सरली, मग हुंगलं आणि मग मान वर केली नाही. सावित्री तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी टोमणा न मारता बोलली, "च्या ठिवते."

चहा होईपर्यंत मी आणि संगीता अंगणात. आता नाही तर कधीच नाही म्हणून म्हणालो, "संगीता, माझं चुकलं. तुझा हात बांधायला नको होता."

तिनं पायातली चप्पल काढून हातात घेतली. मग म्हणाली, "तवा लई राग यायचा. आता येत न्हाई असं न्हाई." आणि चपलेतला काटा काढत पुढं म्हणाली, "माझ्यासंगट बंकट बी व्हता. त्यो तर लई रडायचा. मला तुमी चुकलं तरी म्हणलाव, त्याला कोण म्हणलं? कडा गावाला असतो आता. दुकान हाय त्याचं, पाइप-मोटारीचं."

चहा पिऊन ते निघाले. कळप ओढ्याच्या वळणाआड जाईपर्यंत कुत्र्याचं भुंकणं येत होतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

कड्याला जाऊन आलो. दोन गाड्या बदलून चार तास. कंबर मोडली. सावित्री म्हणाली होती, "फोन करा की." फोनवर हे कसं बोलायचं?

दुकान सापडायला वेळ लागला नाही. रस्त्यावरच आहे, मोठं आहे. मी पायरीशी उभा राहिलो. काउंटरमागं एक जाडसर माणूस, केस पांढरे व्हायला लागलेले, गिऱ्हाइकासाठी ठिबकच्या नळ्यांची मोळी बांधत होता. डाव्या हातानं. सुतळी भराभर फिरत होती, गिऱ्हाइकाशी बोलणं चालू होतं, हाताकडं लक्षही नव्हतं. मला बघायला बरं वाटत होतं. वाटलं, चला, याचं तरी काही बिघडलं नाही.

मग त्यानं मान वर केली. त्यानं मला लगेच ओळखलं. मी त्याला रस्त्यात ओळखलं नसतं.

"गुरुजी!" काउंटरला वळसा घालून आला, वाकून पाया पडला. गिऱ्हाइकाला सांगितलं, "हे आमचे गुरुजी. ह्यांनी वळण लावलं म्हणून आज दुकान हाय." खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी म्हणालो, बंकट, मी एक बोलायला आलोय. तो म्हणाला, "बोला की, निस्तं हे बांधून देतो, गिऱ्हाईक खोळंबलंय."

आणि त्यानं सुतळी उजव्या हातात घेतली.

वेढे वाकडे पडायला लागले. एक टोक निसटलं, त्यानं परत धरलं. कानशिलावर घाम आला. नळ्या घरंगळल्या. डावा हात त्यानं पाठीमागं नेला होता, कमरेवर. कुणी बांधलेला नव्हता. आपला आपणच तिथं गेला होता.

मी म्हणालो, "बंकट, डाव्या हातानं बांध."

तो हसला. मी परीक्षा घेतोय असं वाटलं त्याला.

"न्हाई गुरुजी," तो म्हणाला. "मोडली ती सवय."